लाईट गेली होती

"नीता, ऐकतेयस ना? मी येईपर्यंत याला हात लावू नकोस," कमलाकर म्हणाला, आणि नीता "हं" म्हणाली.

हे "हं" ती लग्न झाल्यापासून म्हणत आली होती. तोंडात केसांच्या पिना धरलेल्या असल्या की ते आणखी सोपं जायचं. कमलाकर बोलतोय म्हणजे पंखा चालू आहे, यापलीकडे त्याच्या बोलण्याची दखल घ्यायचं तिने कधीच सोडून दिलं होतं. तो दर दोन वाक्यांनी "ऐकतेयस ना?" विचारायचा, ती दर दोन वाक्यांनी "हं" म्हणायची, आणि संसार चालला होता.

नवीन पनवेलच्या त्या तिसऱ्या मजल्यावरून रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी आता एकटी नीताच होती. ती तहसील कचेरीत अव्वल कारकून. कमलाकर टिपणीसला रसायनीच्या कंपनीने पैसे हातावर ठेवून घरी बसवलं, त्याला दोन पावसाळे झाले. कंपनी त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणत होती. नीता म्हणायची, स्वेच्छा होती, पण ती कंपनीची. आलेल्या पैशातून एखाद्या शहाण्या माणसाने विचुंब्याला प्लॉट बघितला असता. या दीडशहाण्याने कॉम्प्युटर आणला आणि हॉलमध्ये, देवघराच्या शेजारी, मांडून ठेवला.

तोंडाने ती त्याला "अहो" म्हणायची. मनात "अरे" म्हणायची. अलीकडे मनातलं "अरे"सुद्धा त्याच्यासाठी जास्त होतंय असं तिला वाटू लागलं होतं.

बरं, कॉम्प्युटर आणला तो आणला, गप वापरावा की नाही? त्यात विंडोज होतं. सगळ्या जगाला ते पुरतं, नीताच्या कचेरीत नुकत्याच आलेल्या मशीनलाही पुरत होतं. पण कमलाकरला पुरेल तर तो कमलाकर कसला! कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर लिनक्स नावाचं दुसरं काहीतरी होतं, ते त्याने पैदा केलं आणि दोन्ही एकाच मशीनमध्ये नांदवायची म्हणून हट्टाला पेटला. दिवाळीच्या सुमारास ते जमलंसुद्धा. मशीन चालू केलं की आधी काळ्या पडद्यावर प्रश्न यायचा, कशात जायचं, यात की त्यात? कमलाकर त्या प्रश्नाकडे पहिलटकरणीच्या नवऱ्यासारखा बघत बसायचा.

नीताला त्या प्रश्नाचा मनस्वी संताप यायचा. आपल्याच घरात शिरताना दाराशी अडवून कोणी विचारावं, की बाई, तुम्ही कुठल्या खोलीत जाणार? तिला जायचं असायचं ते विंडोजमधल्या पत्त्यांकडे. स्वयंपाक आटोपला की ती घटकाभर पत्ते लावायची. हे तिने कधी कबूल केलं नसतं. ती खुर्चीत बसली की कमलाकर मागे येऊन उभा राहायचा. "कुठलं बटण दाबायचं कळलं ना? ऐकतेयस ना?"

संक्रांतीला त्याला वाटलं, लिनक्सला जागा कमी पडतेय. मग त्याने काय उपद्व्याप केला देव जाणे, पण लिनक्सही गेलं आणि तो प्रश्नही गेला. विंडोज तेवढं कसंबसं वाचलं. नीताने हे समोरच्या सत्यवती वहिनींना इतकं रंगवून सांगितलं की वहिनींच्या हातातली साखरेची वाटी हिंदकळली.

आणि आता हे गुरुदत्त बोंद्रे निघाले होते. स्टेशनच्या बाजूला त्यांनी कॉम्प्युटरची इन्स्टिट्यूट काढली होती. त्यांना प्रत्येक मशीनमध्ये दोन्ही हवी होती. अकाउंट्स शिकणाऱ्या पोरांना विंडोज, इंजिनिअरिंगवाल्यांना लिनक्स. कमलाकरने त्यांना भाजीबाजारात गाठून काय बढाया मारल्या कोणास ठाऊक, पण बोंद्रे म्हणाले, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो, तुमच्याच मशीनवर करून दाखवा. जमलं असेल तर एक तारखेपासून लॅब तुमच्या ताब्यात.

लॅब इन्चार्ज. कमलाकर हे दोन शब्द आठवडाभर घासागणिक तोंडी लावत होता. नीताने नाक मुरडलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने पोराटोरांची मशीनं पुसायची, हे काय मिरवायचं? पण आतून तिलाही ते हवं होतं. पगार हवा होता, आणि त्याहून हवा होता तो सकाळी डबा घेऊन जिना उतरणारा नवरा. वहिनी हल्ली "भाऊजी घरीच ना?" असं ज्या सुरात विचारत, तो सूर तिला झोंबायचा. आणि कमलाकरला ही शेवटची संधी होती, हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. या वयात दुसरं कोण त्याला दारात उभं करणार होतं?

तर त्या गुरुवारी सकाळी, पिना तोंडात असताना, कमलाकर तिला वाटणी समजावून सांगत होता. आतल्या जागेची वाटणी करणारा एक प्रोग्राम असतो. तो विंडोजचं सगळं सामान उचलून एका बाजूला नेऊन रचतो, म्हणजे दुसरी बाजू लिनक्सला मोकळी. वेळ लागतो, दुपार होईल. मग लिनक्स टाकायचं, संध्याकाळपर्यंत तयार. मात्र मध्येच थांबलं तर सामान धड इकडे नाही, धड तिकडे नाही. सगळं जातं. मी येईपर्यंत हात लावू नकोस. आणि नीता म्हणाली, "हं."

पडदा उगाच कशाला जळत ठेवायचा म्हणून त्याने मॉनिटर तेवढा बंद केला, चपला घातल्या आणि बोंद्र्यांसाठी चिवडा-पेढे आणायला जुन्या पनवेलला निघून गेला.

नीताची बाहेर पडायची एक पद्धत होती. गॅस, गीझर, इस्त्री, टीव्ही. एकेक करत ती घरातली सगळी बटणं बंद करत दारापर्यंत यायची. लाईटबिल तिच्या पगारातून जायचं ना! हॉलमध्ये आली तर कॉम्प्युटरचा पडदा काळा आणि खालचा डबा आपला घरघरतोय. "बघ," ती मोरीत भांडी घासणाऱ्या चिंगीला म्हणाली, "साहेब चालू टाकून गेले. बिल भरणारी बसलीये." आणि तिने बोर्डावरचं बटण बंद केलं. घरघर थांबली. तिला बरं वाटलं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा कमलाकर मशीनसमोर बसलेला होता. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक पांढरी ओळ, की या मशीनमध्ये चालू करण्यासारखं काही सापडत नाही. टेबलावर फ्लॉप्या पसरलेल्या, पेढ्यांच्या खोक्याचा दोरासुद्धा सुटलेला नाही. नीताने विचारलं, झालं का तुमचं? तो म्हणाला, नाही झालं. एवढंच. भाषण नाही, "ऐकतेयस ना" नाही. नीताला नवल वाटलं नाही. हे असंच होणार हे तिला आठवडाभर आधीच ठाऊक होतं, आणि आपलं खरं ठरलं याचं एक ओंगळ समाधानसुद्धा तिला झालं. तिने साडी बदलली आणि चहाचं आधण ठेवलं.

गुरुदत्त बोंद्रे आले. कमरेला पेजर, बसल्या बसल्या गुडघा हलवायची सवय, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचे. असल्या माणसापुढे हा हात बांधून उभा, याचीही नीताला चीड आली. बोंद्रे म्हणाले, हां टिपणीस, दाखवा. कमलाकरने बटण दाबलं. पांढरी ओळ आली. बोंद्र्यांनी ती मोठ्याने वाचली आणि हसले.

नीता ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिला गप्प बसता आलं असतं.

"यांच्या हातून आजवर काही पूर्ण झालंय का? आता तुम्हीच बघा," ती म्हणाली.

कमलाकरने तिच्याकडे पाहिलं नाही. तो बोंद्र्यांना म्हणाला, "काम अर्ध्यावर होतं, आणि लाईट गेली."

"आज? आमच्याकडे तर नाही गेली."

"आमच्या बिल्डिंगपुरती गेली होती. फ्यूज उडाला."

नीताच्या हातातला ट्रे होता तिथेच राहिला. सकाळचं वाक्य तिला आत्ता ऐकू आलं, अख्खं, शब्दन् शब्द. मी येईपर्यंत याला हात लावू नकोस. तिची नजर बोर्डाकडे गेली. बटण चालू होतं. ती तर ते बंद करून गेली होती. म्हणजे बाजारातून येऊन ते कोणीतरी चालू केलं होतं, आणि लाईट गेल्याने बटण आपोआप बंद होत नाही एवढी अक्कल तर तिलाही होती.

बोंद्रे आता भिंतीकडे न बघता सरळ कमलाकरकडे बघत होते. "टिपणीस, राग मानू नका. पनवेलमध्ये राहून लाईट जाईल हे ज्याच्या डोक्यात येत नाही, त्याच्या ताब्यात मी लॅब कशी देऊ? इतक्या तासांचं काम काढलंत, एक यूपीएस तरी लावायचा."

बरोबरच होतं त्यांचं. लाईटीचं कारण सांगून कमलाकरने स्वतःचीच मान कापून त्यांच्या हातात दिली होती. बायकोने चुकून बटण बंद केलं, एवढं म्हटलं असतं तर बोंद्रे खो खो हसले असते, आपल्याही बायकोचा एखादा किस्सा सांगितला असता आणि म्हणाले असते, बरं, रविवारी येतो. कमलाकर ते म्हणत नव्हता. नीताला म्हणता येत होतं. तिने तोंड उघडलंसुद्धा.

"चिवडा घ्या ना आणखी," ती म्हणाली.

बोंद्र्यांनी आणखी चिवडा घेतला, बघू, कळवतो म्हणाले आणि उठले. कमलाकर त्यांना सोडायला दारापर्यंत गेला. जिन्यात अंधार होता, तर पुढे होऊन त्याने त्यांच्यासाठी दिवा लावला, आणि त्यांच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेल्यावर चिंगी भांडी विसळता विसळता हळूच म्हणाली, "बाई, काल सायेबांनी काय खाल्ला नाय."

"का?"

"बाजारातून आले नं त्या बटनाकडंच बगीत रायले. मना इचारलं, चिंगे, तू हात लावलास काय? मी बोल्ले, नाय, बाईंनी बंद केला जाताना." चिंगीने न्हाणीघराकडे पाहिलं. "मंग बोल्ले, बाईंना काय बोलू नको, तिच्या जिवाला लागंल. तुमी सांगू नका हां, मी बोल्ले ता."

"तू भांडी आवर," नीता म्हणाली.

तिने सांगायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण वाक्य जुळवायला बसली की त्यात कुठून तरी "पण तुम्ही तरी" हे यायचंच. पण तुम्ही तरी कागद चिकटवून जायचं. पण तुम्ही तरी मॉनिटर कशाला बंद करायचा. इतक्या वर्षांची जीभ, ती दुसऱ्या वळणावर जाईना. मनातल्या मनात ते वाक्य तिने पोळ्या लाटताना जुळवलं, कचेरीत जुळवलं, आणि दरवेळी त्याचं शेपूट वाकडंच निघालं. मग दिवस गेले आणि ते बोलायची वेळच निघून गेली. नीताला स्वतःची शिसारी आली. कमलाकरची यायची तशीच, तितकीच आली.

बोंद्र्यांचा निरोप आला नाही. कमलाकरने चार-दोन दिवसांत मशीन दुरुस्त केलं, वाटणी-बिटणी न करता, सगळी जागा एकाला देऊन. लिनक्सची सीडी त्याने दोऱ्याने बाल्कनीत टांगली, कबुतरं येऊ नयेत म्हणून. सकाळी तो खाली उतरून सोसायटीचा पाण्याचा पंप चालू करू लागला. वहिनींनी विचारलं, "भाऊजी हल्ली काय करतात?" नीता म्हणाली, "आहेत," आणि दार लावून घेतलं.

अशीच एका संध्याकाळी ती घरी आली तर हॉल रिकामा होता. कॉम्प्युटरवर आच्छादन नीट घातलेलं. सवयीने तिचा हात बोर्डाकडे गेला, तर बटण आधीच बंद होतं. त्या गुरुवारपासून तो स्वतःच बंद करून ठेवत होता, न चुकता, तिला हवं होतं तसं.

तिने बटण चालू केलं आणि खुर्चीत बसली. पडदा काळा झाला. पूर्वी या जागी तो प्रश्न यायचा. तिचं बोट नकळत त्या ठरलेल्या कळीवर जाऊन थांबलं. प्रश्न आला नाही. मशीन सरळ आत गेलं, आणि थोड्या वेळाने पत्ते समोर मांडून तयार होते.

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. कमलाकर आत आला, त्याने तिला तिथे बसलेलं पाहिलं आणि पंपाची किल्ली खिळ्याला अडकवली. नीताने खुर्ची थोडी बाजूला सरकवली, म्हणजे कोणी मागे येऊन उभं राहिलं तर जागा असावी.

"झालं की बटण बंद कर," तो म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

"हं," नीता म्हणाली, आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसली. पण ऐकतेयस ना, असं तो आता विचारत नसे.