आडनावाचा फलक

अक्काच्या पुढच्या खोलीत, आतल्या दाराच्या वर, एक लाकडी फलक टांगलेला होता. आपल्या आडनावाची जी काही मोठी माणसं होऊन गेली आणि त्या आडनावाची जी ठिकाणं सापडली, ती सगळी तिने त्यावर पांढऱ्या रंगात ओळीने लिहिली होती. एक न्यायाधीश, एक कुस्तीगीर, सात भाषा बोलणारा एक न्हावी, एक घाट, एक गल्ली, एक पूल, असं करत करत सगळ्यात खाली एक पाण्याची टाकी. यांतल्या एकाशीही घरच्यांचं नातं कुणाला सिद्ध करता आलं नव्हतं. घाटाशी तर नाहीच नाही. पण आडनाव एक म्हणजे माणूस आपला, डोंगर असला तरी आपलाच, असं धरून अक्का ठिकठिकाणी पत्रं पाठवायची, कात्रणं जमवायची आणि पुरती खात्री पटल्यावरच एकेक ओळ चढवायची.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करण्यात छत्तीस वर्षं घालवून निवृत्त झाला होता. अडकलेल्या लिफ्टमधून त्याने एकदा नवरदेव काढला होता आणि एकदा, त्याच्याच शब्दांत, ‘जवळजवळ मंत्री’. एवढ्यावर एक ओळ मिळायला हरकत नव्हती. पण विचारलं की अक्का मान हलवायची. नाही म्हणजे नाही. न्हावी चालतो, गळकी टाकी चालते आणि सख्खा भाऊ चालत नाही, हे त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

म्हणून मुलीच्या लग्नानंतर व्याह्यांनी जेवता जेवता आपल्या घराण्यातली सुवर्णपदकं मोजून दाखवली, तेव्हा भाऊच्या तोंडून निघून गेलं, “आमच्याकडे पदकं नाहीत, पण फलक आहे. माझंही नाव आहे त्यावर.”

व्याही वजनमापं तपासणारे निरीक्षक. उभा जन्म दुकानदारांच्या तराजूंवर अविश्वास दाखवण्यात गेलेला. ते म्हणाले, “वा. बघायला येतो रविवारी.”

आता लेक त्यांच्या घरात. बाप थापाड्या निघाला तर उद्या स्वयंपाकघरात तिला काय काय ऐकावं लागेल, या विचाराने भाऊची झोप उडाली. पण तिसऱ्या दिवशी त्याला मार्ग सुचला. अक्काने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं ‘हॅलो’ म्हटलं होतं. नोकरी सुटली त्या दिवसापासून तिने सकाळी उठल्यापासून दुपारी बारापर्यंत मौन धरलं होतं. लिहूनही सांगायची नाही. ते बोलण्यातच जमा, म्हणे. पाहुण्यांना दहाला न्यायचं, फलक आपणच वाचून दाखवायचा आणि अकराच्या आत बाहेर पडायचं. फलक उंचावर, खोलीत उजेड कमी, व्याह्यांना चष्मा. सगळं जमून येत होतं.

जमलं नाही ते एवढंच, की व्याही चालत आले आणि अकराला पोचले. सोबत विहीणबाई. या बाईंनी घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य काढलेलं. मुंगीच्या पायाला घोटा असलाच, तर तो त्यांना दिसला असता.

अक्काने हसून दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि कोपऱ्यातली काठी उचलली. पाहुणे आले की ती काठीने ओळ दाखवायची आणि कुणीतरी मोठ्याने वाचायचं, ही तिथली पद्धत. भाऊ खणखणीत आवाजात वाचत गेला. न्यायाधीश झाले, घाट झाला, पूल झाला. काठी शेवटच्या ओळीवर आली. भाऊने डोळे मिटले आणि टाकीच्या जागी स्वतःचं नाव वाचलं.

काठी फलकावर दोनदा आपटली. ठक, ठक.

“अक्काला फार कौतुक माझं,” भाऊ म्हणाला.

“तिथे पाण्याची टाकी लिहिलंय,” विहीणबाई म्हणाल्या.

“त्याच्या वरच्या ओळीत बघा.”

“वर पूल आहे.”

“जुना रंग हो. अक्षरं फिकट झालीत.”

“टाकी चांगली ठसठशीत आहे.”

व्याह्यांनी चष्मा पुसला. “कशाला वाद? अक्कांनाच विचारू.”

“मौन आहे तिचं,” भाऊ घाईघाईने म्हणाला. “बारापर्यंत.”

“आता किती वाजले?”

“अकरा छत्तीस,” विहीणबाई घड्याळाकडे न बघताच म्हणाल्या.

“मग बसू की. मी वजन बघितल्याशिवाय शिक्का मारत नाही.”

ती चोवीस मिनिटं भाऊला नोकरीच्या छत्तीस वर्षांहून लांब गेली. बाहेर वारा छान सुटलाय म्हणाला, कुणी उठलं नाही. जवळजवळ मंत्र्याची गोष्ट सांगितली. व्याह्यांनी ती ऐकली होती. अक्काकडे त्याने असं काही बघितलं की दगडाला पाझर फुटावा. अक्का वाती वळाव्यात तशी शांतपणे पाहुण्यांसाठी शेंगा सोलत बसली होती.

बारा वाजले. अक्का उठली, चूळ भरून आली, बसली आणि म्हणाली, “चहाला साखर किती घालू?”

“एक चमचा,” व्याही म्हणाले. “अक्का, भाऊसाहेबांचं नाव आहे का त्या फलकावर?”

“नाही.”

झालं. भाऊ खाली जमिनीकडे बघत राहिला. लिफ्टचा दोर तुटल्यावर आतल्या माणसाला काय वाटत असेल, ते त्याला आज पहिल्यांदा कळलं.

“का पण?” विहीणबाई मध्येच म्हणाल्या. “फुशारकी सोडली तर माणूस काही वाईट नाही.”

“वाईट कोण म्हणतंय? त्यावर ठिकाणं चढतात, नाहीतर गेलेली माणसं.”

व्याह्यांनी फलकाकडे बघितलं. “न्यायाधीश?”

“गेले.”

“कुस्तीगीर?”

“तोही. न्हावी तर तापाने, बिचारा चाळिशीतच.”

“टाकी?”

“ती आहे. गळते.”

व्याही खो खो हसत सुटले. “भाऊसाहेब, म्हणजे तुम्ही मेलेल्यांत रांग लावून उभे होतात?”

भाऊचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अगं, मग इतकी वर्षं एकदा तरी सांगायचंस मला. मला वाटायचं, तुझ्या लेखी मी टाकीपेक्षाही हलका.”

“तू रोज येतोस सकाळी आठला. मान हलवण्यापलीकडे काय करू? बारानंतर कधी फिरकलास?”

“बारानंतर मी झोपतो.”

“मग झोप.” अक्काने शेंगांची टोपली त्याच्याकडे सरकवली. आवाज जरा खाली आला. “तुझं नाव लिहायची मला काही घाई नाही.”

भाऊने टोपली जवळ ओढली. दोन शेंगा सोलून त्याने दाणे व्याह्यांच्या हातावर ठेवले. व्याह्यांनी ते तळहातावर तोलल्यासारखे केले आणि तोंडात टाकले. “पोरीला मीच सांगेन ही गोष्ट,” ते म्हणाले. “नाहीतर तुम्ही भलतंच वजन सांगाल.”

चहा झाला. निघताना भाऊ पुन्हा फलकाखाली थांबला. टाकीच्या खाली, चौकटीला लागून, अजून एका ओळीपुरती जागा कोरी होती. त्याने ती आधी कधी अशी निरखली नव्हती.

“अक्का,” तो म्हणाला, “ती खालची जागा भरून टाक बरं. एखादा बंधारा बघ. नाहीतर साधा बसथांबा.”

“आपल्या आडनावाचा असायला हवा.”

“मी शोधून आणतो,” भाऊ म्हणाला आणि चपला घालायला लागला. “आजच निघतो.”