चिमटीतलं सूत

बाईंनी आमच्या कापडाच्या दुकानाच्या काउंटरवर पिशवी उलटी केली, तेव्हा आतून तीन पांढरे झगे आणि एक चादर पडली. झग्यांच्या पाठीवर पिवळट डाग होते.

"हे सुती आहे म्हणाला होतात ना?" त्यांनी काकांना विचारलं. आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, भांडायला मी एका पायावर तयार असते.

आठवड्यापूर्वी याच बाई आल्या होत्या. मुलीची पाठ भाजलेली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, नव्या कातडीला शुद्ध सुतीच कपडा, दुसरं काही नको. काकांनी ताग्याची कड चिमटीत धरली, अंगठा दोनदा फिरवला आणि म्हणाले, "शंभर नंबरी सूत. डोळे झाकून न्या." ताग्यावरची, कापडाची जात लिहिलेली चिठ्ठी निघालेली होती. मी म्हटलंही, "काका, चिठ्ठी शोधू का?" तर हसले, "मी मेलोय का?"

चिमटीकाका हे नाव आम्हीच ठेवलेलं. बावीस वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी आहे, आणि कापड ओळखायला त्यांनीच शिकवलं. लोकर चावते म्हणायचे. लिनन गार लागतं, नायलॉन निसटतं. "आणि सूत, पोरी, काहीच करत नाही. नुसतं सोबत बसतं." नवा माल आला की मालकसुद्धा आधी काकांकडे बघायचे. शाळेत चौथीपलीकडे न गेलेल्या माणसाला दुसरा मान कुठून मिळणार? होतं नव्हतं ते त्या दोन बोटांतच.

आता त्याच दोन बोटांत त्यांनी झग्याची कड धरली. "सुतीच आहे. धुण्यात काही चुकलं असेल, बाई."

बाई काउंटरच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या. "पोरगी सारखी म्हणत होती, आई, गरम होतंय, टोचतंय. मीच दटावलं तिला. म्हटलं, काकांनी दिलंय म्हणजे चांगलंच असेल. काल झगा काढला तर पाठभर फोड, फुटलेले. पुन्हा दवाखान्यात ठेवलंय. पुन्हा मांडीची कातडी काढून लावणार म्हणतात."

मी म्हटलं, "काका, धागा जाळून बघू या."

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" हे त्यांचं नेहमीचं. काडी लावून कापड ओळखणाऱ्यांना ते कच्चे लिंबू म्हणायचे. पण बाई जागच्या हलेनात, तशी त्यांनी माझ्या हातातली काडेपेटी ओढून घेतली. झग्याच्या आतल्या कडेचे दोन-चार धागे ओढून काढले, पीळ दिला आणि काडी लावली.

सूत असतं तर कागदासारखं जळलं असतं आणि फुंकरीने राख उडाली असती. हे जळता जळता आक्रसलं, काळा धूर निघाला आणि टोकाला काळा मणी धरला. टेरिकॉट, सुतात पॉलिएस्टर मिसळलेलं. माझी मलाच शरम वाटली.

काका बघत राहिले. मग जुन्या सवयीने, राख चोळून बघतात तसा, त्यांनी तो पेटता मणी चिमटीत धरला आणि चोळला.

चोळतच राहिले. आधी वास आला.

"काका, बोट! अहो, बोट भाजतंय!"

त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग बोटाकडे. मणी कातडीत रुतला होता. ते हूं की चूं करेनात. कढत चहाचा ग्लास ते बुडाला धरून उचलायचे आणि आम्ही कौतुकाने म्हणायचो, काकांचे हात लोखंडाचे! कसले लोखंडाचे! साखरेच्या आजाराने बोटं कधीच मेली होती.

"कधीपासून, काका?"

"वर्ष झालं असेल." ते बाईंकडे वळले. "डोळ्यांनी बघून सांगत होतो. इतकी वर्षं झाली, वाटलं जमेल. बाई, माझ्यामुळे झालं हे."

बाईंनी झग्यांच्या एकेक करून घड्या घातल्या, पिशवीत भरल्या आणि दवाखान्याची वेळ झाली म्हणून निघाल्या. शिव्या दिल्या असत्या तर काकांनी आनंदाने खाल्ल्या असत्या.

काका स्टुलावर बसले. मी मलमलीचा तागा काढला, कडेची पट्टी टरकन फाडली आणि त्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला. अंगठा बांधला, मग तर्जनी. आवळून गाठ मारली तरी हात हलला नाही.

"कसलं आहे गं?" त्यांनी विचारलं.

"सूत आहे, काका."

त्यांनी दुसऱ्या हाताची चिमटी पट्टीपर्यंत नेली, मग तशीच मागे घेतली.

"तू म्हणतेस म्हणजे असेल," ते म्हणाले.