नव्वदच्या आत

अण्णांनी तीस वर्षं कारखान्यात बॉयलर सांभाळला, पण गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून ते फिरायला गेले आणि घरात त्यांची पत गेली. तेव्हापासून लेक त्यांना शेगडीला हात लावू देत नसे, इस्त्रीला नाही, आणि कॉम्प्युटरला तर नाहीच. आपलं डोकं खरंच कामातून गेलंय की एकदाच चूक झाली, हे त्यांना कळेना, आणि विचारायची भीती वाटे.

म्हणून रविवारी दुपारी लेकीनेच खुर्ची पुढे केली तेव्हा ते हरखले. कॉम्प्युटरचा प्रोसेसर तिला कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा होता. चाचणीत त्याला जे गुण पडतील ते संध्याकाळपर्यंत एका स्पर्धेत पाठवायचे होते.

"थोडा वेग वाढवायचा, की लगेच चाचणी," ती म्हणाली. "वीजही जरा कमी करते, म्हणजे तापणार नाही. तुम्ही फक्त हा तापमानाचा आकडा बघा. नव्वदला गेला की हाक मारा. बाकी कशाला हात लावू नका."

"वेग वाढवायचा आणि वीज कमी करायची? आमच्या बॉयलरवर असला आगाऊपणा चालला नसता."

"हा बॉयलर नाही, अण्णा."

नसेना का. अण्णांनी वही उघडली आणि दर मिनिटाला आकडा लिहायला घेतला. अर्धा तास प्रोसेसर जीव तोडून गणितं करत होता, पंखे घोंघावत होते, पण आकडा पंच्याऐंशीच्या वर गेला नाही. चाचणी पार पडली. लेक खुशीत चहा टाकायला गेली आणि पडदा काळा झाला.

"काय दाबलंत?" तिने दारातून विचारलं.

"काही नाही."

"नक्की?"

नक्की म्हणायला त्यांची जीभ रेटेना. गॅसच्या वेळीही ते नक्की म्हणाले होते.

तिने पुन्हा चाचणी लावली. पुन्हा पार पडली. मग ती फोन घ्यायला बाहेर गेली आणि परत येऊन बघते तर पडदा काळाच. या वेळी तिने हळूच माउस त्यांच्यापासून लांब सरकवला. ओरडली असती तर बरं, असं अण्णांना वाटलं.

मग तिची नजर वहीवर गेली. ती उभ्याउभ्याच वाचत राहिली.

"अण्णा, हा काम करताना बंद पडतच नाही. काम संपून दोन मिनिटं झाली की पडतो. रिकामा असताना तो मुळात वीज कमी घेतो, त्यातली मी आणखी कापली. माझीच चूक."

तिने थोडी वीज परत दिली. गुण जरा घसरले, पण रिकामा ठेवूनही पडदा काळा झाला नाही. मग तिने वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"तुमचा काही संबंधच नव्हता. दुसऱ्या वेळचं तर तुम्हीच लिहिलंय, बघा. 'तीन बावीस. आपोआप बंद. मी हात लावला नाही.'"

अण्णांनी चष्मा सारखा केला. अक्षर त्यांचंच होतं, कारखान्यात पाळीच्या नोंदवहीत मारायचे तशी खाली रेघही होती. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. सुटलो म्हणून त्यांना हसू आलं.

"माझंच आहे," ते म्हणाले. "पण मी हे कधी लिहिलं गं?"

लेकीचं बोट तसंच त्या ओळीवर राहिलं.