पाइपाचं दुसरं टोक

साहेब, कांदळवाडीची माणसं तुम्ही सुकवलीत. इंजिन बाबल रोगेनं चालवलं, हे खरं. त्याचं काय ते आम्ही बघू. पण पाण्याबाहेर इंजिन चालवायला सांगितलंत तुम्ही, आणि जनाकाकी सुकल्यावर ‘अजून थोडं वाढव’ म्हणालात तेही तुम्हीच.

जेट बोट खाडीचं पाणी ओढते, त्यातल्याच पाण्यावर इंजिन गार राहतं, बाकीचं मागून फेकलं जातं. पण बोटीच्या उद्घाटनाची वेळ तुमच्या सवडीनं ठरली आणि खाडी आपल्या सवडीनं ओहोटीला गेली. जेटीखाली नुसता चिखल आणि खेकडे. बोट मांडवासमोर ट्रॉलीवर, गळ्यात झेंडूचा हार घालून नवरदेवासारखी.

“चालू करून दाखव,” तुम्ही म्हणालात.

“पाण्याशिवाय चालवूची नसता, साहेब. भरती येवंदे.”

“भरतीपर्यंत आम्ही इथे बसायचं? आवाज तर काढ.”

बाबलला नाही म्हणता आलं असतं. गावाला तो रोज नाही म्हणतो. पण तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला होतात, आणि गाव बघत होतं. तो हात त्याला आवडला. तिथेच तो फसला.

बोट जमिनीवर धुताना इंजिनाला बागेचा साधा पाइप जोडतात. बाबलनं तो जोडला. जेटीवर नळ नाही, म्हणून दुसरं टोक त्यानं जनाकाकीच्या हातात दिलं. बोटीवर पाणी ओवाळून टाकायला ती भरली कळशी घेऊन उभी होती.

“कळशीत धरून रव गो काकी. जरासां काम.”

किल्ली फिरली, इंजिन गरजलं, मांडवात टाळ्या पडल्या. कळशी एका घोटात रिकामी झाली. मग पाणी जनाकाकीतून यायला लागलं.

आधी तिची बोटं आखडली, मग गाल आत गेले, मग ती सबंधच चपटी झाली, दांडीवरच्या बोंबलासारखी. डोळे तेवढे हलत होते.

“काकी, कसां वाटतां?” बाबल ओरडला.

“हलकां वाटतां रे,” ती म्हणाली. पाटीतली सुकट हलवावी तसा तिचा आवाज आला.

तिथेच बंद का केलं नाही, असं तुम्ही आता विचाराल. बाबलला बोट शिकवणाऱ्यानं एक गोष्ट घोटून घेतली होती. जमिनीवर चालवताना आधी इंजिन, मग पाणी. थांबवताना आधी पाणी बंद, मग इंजिन. उलटं केलं की पाणी इंजिनात चढतं आणि इंजिन कामातून जातं. जेटीवरचे बाकीचे बोटवाले हे विसरायचे, त्यांची इंजिनं मरायची, आणि बाबल त्यांना चारचौघांत हसायचा. पाणी येतंय तोवर त्याचा हात किल्लीकडे जाईना.

“घे गो, माझां झालां,” म्हणून जनाकाकीनं टोक शेजारणीला दिलं. प्रसादाचं ताट पुढे सरकवावं तसा पाइप खुर्च्यांच्या रांगांतून सरकायला लागला. कुणी नको म्हटलं नाही. तुम्ही बघत होतात ना.

एकट्या पास्कू फर्नांडिसनं टोक हातात घेऊन विचारलं, “बाबल्या, माझ्यात पाणी कमी आसा. दुसरांच काय ता जास्त. चलात मां?”

लोक हसले. इंजिन दोनदा ठसकलं, निळा धूर आला, मग पास्कूही खुर्चीत चपटा झाला.

सुकलेली माणसं वाऱ्यानं उडायला लागली, तशा बायकांनी त्यांच्या मांडीवर धोंडे ठेवले. कावळे आले. मग कुणीतरी जुनं जाळं आणून मागच्या रांगांवर पसरलं. मासळी सुकवायची सवयच ती; वरची बाजू कडक झाली तशी माणसं उलटून घालण्यात आली. जाळ्याखालून ती टाळ्या वाजवत राहिली.

पाणी बोटीच्या मागून ऊन ऊन पडत होतं आणि उतारावरून चिखलात जात होतं. त्याला कोकमाच्या सोलांचा वास आला, ते जनाकाकीचं. मग विडीचा, मग पेजेचा. बाबलनं चपला काढून बाजूला ठेवल्या. त्या पाण्यात चपला घालून उभं राहणं त्याला जमेना. सुकणाऱ्या मांडवाचं कापड आकसत होतं आणि त्याबरोबर खुर्च्या पुढे ओढल्या जात होत्या. बघता बघता गाव त्याच्या हातभर अंतरावर आलं.

आणि बाबल एकटा ओला. इंजिन चालवणाऱ्याला इंजिन पीत नाही. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. सगळे त्या शर्टाकडे बघत होते. लुगडं सुटलेल्या बाईकडे बघू नये म्हणत म्हणत बघतात, तसे. त्यानं रुमालानं तोंड पुसलं; रुमाल ठिबकायला लागला, तो त्यानं खिशात कोंबला, तर विजारीवर डाग पसरला. आवंढा गिळायचीसुद्धा त्याला चोरी झाली.

“छान,” तुम्ही म्हणालात. “अजून थोडं वाढव.”

त्यानं वाढवलं.

पाइप पहिल्या रांगेत आला. त्या रांगेत कुंदा होती, त्याची बायको. ‘मी येत नाय, माका काम आसा,’ असं ती म्हणत असताना त्यानंच तिला आणून तुमच्या शेजारी बसवलं होतं. शेजारच्या माणसानं टोक तिच्या हातात ठेवलं.

“बंद कर,” ती म्हणाली.

“पाणी चालू असताना बंद करूचां नसतां.”

“पाणी खंयचां, ठावक आसा तुका?”

“आसा.”

“मग?”

बाबल खाली बघत म्हणाला, “इंजिन जाईत, कुंदा.”

आणि साहेब, ती सुकायला लागली असताना, लगेच टोक पुढे दे, पुढे दे, असं त्याला मनात वाटत होतं. पुढची खुर्ची तुमची होती. तसं वाटल्याचीही त्याला लाज वाटली. मोठ्यानं म्हणायचं धैर्य झालं नाही, याची त्याहून जास्त. त्याची बोटं किल्लीवर आहेत. तो ती फिरवत नाही. यासाठी त्याच्या तोंडावर थुंकावं, तर गावात कुणाकडे थुंकी उरलेली नाही.

कुंदा उठून उभी राहिली आहे. आतापर्यंत रांगेतल्या कुणी केलं नाही ते तिनं केलंय. टोक तुमच्यासमोर धरलंय. तिचं मनगट बारीक होतंय, आणि हातातल्या चुड्याची एकेक बांगडी निसटून तुमच्या बुटांवर फुटतेय. तुम्ही पाय मागे घेतलेत, ते दिसलं सगळ्यांना. सुकणं तिच्या कोपरापर्यंत पोचलंय, साहेब. हात पुढे करताय की नाही?