लवूच्या आईची चवळी

मी एक जुनी खुरपी आहे. मित्रांनो, आज मी मरोळच्या एका चाळीत माळ्यावर गंजत पडले आहे. पण गावच्या लोहाराने मला घडवलं तेव्हा माझी धार अशी होती, की लवूची आई बजावायची, "माझ्या खुरपेक कोणी हात लावूचो नाय!"

ती गेली तेव्हा लवूने गावाहून दोनच वस्तू आणल्या. मी, आणि राखेत घोळलेली मूठभर चवळी. म्हातारीने जन्मभर राखलेलं ते बी गावात दुसऱ्या कुणाकडेच उरलं नव्हतं.

गिरणीच्या संपाने लवू घरी बसला होता. चाळीमागच्या पडीक जागेत त्याने ती सगळी चवळी एका ओळीत पेरली, बाकीच्या ओळींत बाजारच्या चवळीचं बी. महिन्याभरात बाजारची झाडं पिवळी पडली. शेजारच्या सोसायटीतली पद्मजा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. तिने एक झाड उपटून पाहिलं.

"वाट लागली, लवूकाका! सूत्रकृमी आहेत. डोळ्यांना दिसत नाहीत, पण मुळांत शिरून गाठी करतात. गाठीवाली झाडं उपटून जाळा."

लवू कामाचा पक्का. पिवळी झाडं संपवून तो आईच्या हिरव्या, फुलावर आलेल्या ओळीकडे वळला. मी मूळ उकरलं.

"मालन, हेच्या पण मुळांक गाठी!"

"पानां हिरवीगार आसत. रवांदेत ना, उपटू नको," बायको म्हणाली. "रविवारी पद्मजाक विचारूया."

"तवसर सगळी जमीन किडतली."

मित्रांनो, ती अख्खी ओळ मीच उकरली आणि लवूने जाळली. आठवलं की अजून लाज वाटते.

रविवारी पद्मजा आली. माझ्या मुठीशी एक मूळ अडकलं होतं. तिने नखाने गाठ घासली. ती टपकन सुटली, आतून गुलाबी निघाली. पद्मजाचा चेहरा उतरला.

"काका, ही किडीची गाठ नाही. किडीने मूळच सुजतं, गाठ अशी सुटत नाही. ही झाडाची स्वतःची, खत बनवणारी. तुमची चवळी किडीला दाद देत नव्हती हो! मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

लवू राखेकडे बघत राहिला. "आवशीन इतकी वर्सां राखल्यान, नि मी एका सकाळीत जाळलंय."

त्याने मला पुसून माळ्यावर ठेवलं. पुन्हा काही पेरलं नाही.

मित्रांनो, मी लोखंडाची. मला बरी गाठ, वाईट गाठ कळत नाही. उकरणं माझं काम, ओळखणं तुमचं. मला हातात घ्याल तेव्हा आधी एकदा नख लावून बघा.