शीव सरकली

राजाबाई कुणाला भीत नाही, अशी हेळवाडीत समजूत होती. भाताच्या खाचरात गवा शिरला तर पत्र्याचा डबा बडवत ती एकटी पुढं जायची, आणि गवासुद्धा मुकाट्यानं रान गाठायचा. गावातली माणसं म्हणायची, गवा डब्याला नाही, राजाबाईच्या तोंडाला भितो. पण त्या दिवशी सकाळी तिनं सुनेचे पाय बघितले आणि ती भ्याली. रचनाच्या पायांना अशी सूज होती की बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

गावातली आशाताई मंगल, तिनं जांबोटीहून नर्सबाईंना बोलावून आणलं. नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला, पुन्हा एकदा बघितला आणि मग राजाबाईला परसात नेलं. कळा सुरू व्हायची वाट बघू नका, म्हणाल्या. रक्तदाब फार चढलाय, झटके आले तर आई आणि मूल दोघांच्या जिवाला धोका आहे. आजच खानापूरच्या दवाखान्यात भरती करा. ओढा आज उतरलाय, उद्याचा भरवसा नाही.

राजाबाई मान डोलवत राहिली, पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती. सुनेला नववा लागला होता.

नववा लागलेल्या बाईनं गावची शीव ओलांडायची नाही, हा हेळवाडीचा रिवाज. शीव म्हणजे ओढ्याकाठचा शेंदूर फासलेला दगड. दगडाच्या अलीकडं गावदेव रवळनाथाची राखण, पलीकडं ज्याचा तो. शहाण्या घरच्या लेकीसुना आठव्यातच माहेर गाठायच्या, की प्रश्नच मिटला. पण रचनाची आई ती लहान असतानाच गेलेली, आणि गुंजीला तिच्या माहेरी नुसते पुरुष. म्हणून राजाबाईनंच छाती ठोकून सांगितलं होतं, बाळंतपण मी करीन, माझी चार घरातच झाली. आता ती छाती धडधडत होती. आईविना पोर आपल्या भरवशावर इथं राहिली, हे तिला विसरता येत नव्हतं.

बेळगावला कारखान्यात असलेल्या युवराजला फोन लावला. तो म्हणाला, आई, तू म्हणशील तसं. राजाबाईला लेकाचा असा राग कधीच आला नव्हता. एरवी तिचं एक ऐकायचा नाही, आणि आज नेमका आज्ञाधारक झाला होता.

गावातल्या ज्योतिबाची जीप दारात उभी होती, पण ज्योतिबा जागचा हलेना. आप्पांनी होय म्हटल्याशिवाय नववा लागलेली बाई गाडीत घेणार नाही, उद्या काय झालं तर गाव मला धरंल, असं तो म्हणत होता. मंगलनं त्याला नाही नाही ते सुनावलं. तो खाली मान घालून ऐकत होता, पण चावी काही खिशातनं काढली नाही.

रचना भिंतीला टेकून बसली होती. अबोल पोर. आल्यापासून सासूसमोर आवाज चढवला नव्हता, आत्ताही नाही चढवला.

"आत्या, मी जानार," ती म्हणाली. "तुमी रागावलासा तरी जानार, चालत जाईन. पर तुमी संगं असलासा तर मला भ्या वाटनार न्हाय."

राजाबाईला भडभडून आलं. तिनं पदर खोचला आणि देवळाची वाट धरली.

आप्पा म्हणजे भरमूआप्पा. गावाच्या वतीनं देवाशी बोलायचं, म्हणजे गाऱ्हाणं घालायचं, तो मान त्यांचा. कौल लावायचाही त्यांचाच. देवाच्या अंगाला ओली फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवं फूल पडलं तर होय, डावं पडलं तर नाही, आणि कुठलंच पडलं नाही तर थांबायचं.

याच थांबण्यात भरमूआप्पांची बायको गेली होती. अक्काताई तिचं नाव. बाळंतपण अडलं तेव्हा चौघांनी तिला बाजेवर घालून ओढ्यापर्यंत आणली, दगडापाशी बाज टेकवली, आणि आप्पा कौल घ्यायला देवळाकडं पळाले. भर पावसाळ्याचे दिवस, देवळाच्या भिंतीसुद्धा ओल्या. ओल्या दगडाला ओलं फूल असं चिकटलं की पडता पडेना. नव्यानंच लग्न होऊन आलेली राजाबाई बाजेपाशी अक्काताईचा हात धरून बसली होती. तो हात गार पडत गेला. पुढं फूल पडलं, उजवं पडलं. आप्पा धावत आले तेव्हा बाजेवर विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कुणी देवाला बोल लावला नाही, आप्पांनाही नाही. फक्त त्यानंतर बाळंतपणासाठी कौल मागायला कुणी देवळात गेलं नाही, एवढंच. आज राजाबाई गेली.

आप्पा देवळाच्या सोप्यात सुपारी कातरत होते. राजाबाईनं सगळं सांगितलं, सूज, रक्तदाब, झटके, ओढा, ज्योतिबाची चावी. शेवटी म्हणाली, आप्पा, कौल लावा. बोलताना तिची नजर जमिनीवर होती. ज्या माणसाचं घर कौलानं बसलं, त्याच्याकडंच कौल मागायचा म्हणजे जिभेला जड जाणारच.

आप्पा उठले. देवापुढच्या तबकातलं फूल त्यांनी उचललं, पाण्यात बुडवलं आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी ते फूल परत तबकात ठेवलं.

"न्हाय राजाबाय. या खेपेला इचारायचं न्हाय," ते म्हणाले. "सांगायचं. सुनंला घिऊन ये."

आप्पांनी बोलावलंय म्हटल्यावर ज्योतिबानं जीप देवळापर्यंत आणली आणि चावी परत खिशात घातली. रचना कशीबशी पायरीवर टेकली, मंगलनं तिला मागून आधार दिला. आप्पांनी नारळ हातात घेतला आणि गाऱ्हाणं घातलं. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता, पण अडखळलाही नाही.

"बा रवळनाथा, हेळवाडीच्या धन्या. आजपातूर तुझी शीव वढ्याच्या दगडाला हुती. आजपासनं ती खानापूरच्या दवाखान्याच्या दारात न्हिऊन ठेवतो. हितनं तितपातूर वाट तुझी, राखन तुझी. पोटुशी बाई त्या वाटंनं गेली तर ती गावातच हाय असं समज. ह्यात काय चुकत असंल तर माझ्या पदरात घाल, पोरीच्या न्हवं."

गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. ते पुरुषांनी म्हणायचं, बायकांनी लांबून हात जोडायचे. पण सगळे पुरुष रानात, आणि होता तो ज्योतिबा तोंड उघडं टाकून उभा.

"व्हय म्हाराजा," राजाबाई म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग तो नारळ तिच्या हातात दिला आणि सांगितलं, नव्या शिवेवर फोड. ज्योतिबानं न सांगता चावी काढली.

दगड आला तेव्हा राजाबाईनं डोळे मिटून घेतले. उघडले तोवर तो मागं गेला होता, आणि रचना विचारत होती, आत्या, डोळे का मिटले?

खानापूरला रचनाला आत नेल्यावर राजाबाईनं दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन नारळ आपटला. वॉचमन कन्नडमध्ये ओरडत आला. राजाबाईनं आपल्या बाजारातल्या मोडक्यातोडक्या कन्नडात त्याला सांगितलं, आमची सीमा आता इथपर्यंत आहे. तो बिचारा घाबरलाच. सीमेवरून या भागात काय काय होतं ते त्यानं आयुष्यभर बघितलेलं. नारळाचं खोबरं हातात पडल्यावर मात्र तो गप्प झाला, आणि झाडू आणून करवंट्याही त्यानंच गोळा केल्या.

औषधं सुरू झाली, दुसऱ्या दिवशी कळा आणल्या. सोबतीला एका बाईला आत राहता येतं असं कळल्यावर राजाबाई उशाशी जाऊन उभी राहिली. रक्तदाब मधेच चढला, डॉक्टरबाईंनी पटापट इंजेक्शनं दिली, नर्सा धावल्या. राजाबाईला सगळं काही कळलं नाही. तिचं सगळं लक्ष हातातल्या हातावर होतं. तो हात गरम होता, घामेजला होता, आणि रचनानं असा जोर लावला की राजाबाईची एक बांगडी पिचली. राजाबाईला त्या दुखण्यानं हुंदका आला आणि मग हसूही आलं. दुपारी मुलगी झाली. आल्या आल्या तिनं असा सूर लावला की डॉक्टरबाई म्हणाल्या, ही आजीवर गेली.

रचनाचा रक्तदाब उतरल्यावर घरी सोडलं. नवं मूल शिवेतून आत आणताना दगडावर नारळ फोडायचा असतो, म्हणून राजाबाईनं बाजारातून एक घेतला होता. ओढ्यापाशी ती जीपमधून उतरली. दगडाशेजारी, जिथं एकदा बाज टेकवली होती तिथं, भरमूआप्पा डोक्यावर छत्री धरून उभे होते. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"हितं कशाला फोडतीस?" ते म्हणाले. "शीव हितं न्हाय आता. पोर गावातच जल्मली."

राजाबाई नारळ तसाच धरून उभी राहिली. आप्पांनी जीपमध्ये वाकून बाळाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग दगडावरून हात फिरवत हळूच म्हणाले, "ह्यो धोंडा हलवाय मला लई उशीर झाला बघ."

राजाबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं नारळ त्यांच्या हातात दिला. शिवंचा नको तर नको, म्हणाली, आमच्या अक्काताईच्या नावानं फोडा.

आप्पांनी छत्री मिटून बाजूला ठेवली आणि नारळ फोडला. पहिला तुकडा त्यांनी रचनाच्या हातात दिला.