अंगणात लादलेलं घर

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्री आहे. जुनी म्हणून मला मुळीच कमीपणा वाटत नाही, उलट अंगावरची ठिगळं मी मिरवतेच. हल्लीच्या प्लास्टिकच्या ताडपत्र्या वाऱ्यावर नुसती फडफड करतात आणि उन्हानं तुकडे तुकडे होतात. मी जाड सुती कापडाची. कारखान्यात मला मेण पाजलं, कडा दुहेरी शिवल्या आणि चहूबाजूंनी पितळी कड्या ठोकल्या. माझी घडी उचलायची तर एकट्यादुकट्याचं काम नव्हतं.

तिथून मी एका ट्रकवर आले. ट्रक चालवणाऱ्याला सगळे भाऊ म्हणत, म्हणून मीही भाऊच म्हणते. भाऊ माल लादण्याच्या बाबतीत भलते कडक. जड माल खाली, हलका वर, आणि जो शेवटी उतरवायचा तो पार आत. हमाल कुरकुरायचे, पण भाऊंनी लादलेला ट्रक घाटात कधी डुलला नाही. सगळं मनासारखं झालं की ते मला वर पसरून दोर आवळत. मी साखरेची पोती झाकली, खिडक्यांची तावदानं झाकली, एका शाळेची सगळी बाकंही झाकली. एकदा वादळात कापूस घेऊन निघालो होतो. पोहोचल्यावर व्यापाऱ्यानं गाठोड्यात हात खुपसून पाहिला, तर आत सगळं कोरडं ठणठणीत. "ताडपत्री कुठून आणलीत हो?" असं त्यानं भाऊंना विचारलं. भाऊंचं कौतुक नेहमीच व्हायचं. माझं एकटीचं झालं ते त्या दिवशी.

पुढे भाऊंच्या मालवाहतूक कंपनीनं प्लास्टिक आणलं आणि मला भंगारात काढलं. भाऊंना राहवलं नाही. त्यांनी मला उचलून घरी आणलं आणि मी माळ्यावर जाऊन पडले. उंदरांनी एक कोपरा कुरतडला, अंगावर धूळ साचली. माळ्यावरून मला घर मात्र सगळं दिसायचं. भाऊ घरी येत, जेवत, झोपत आणि पुन्हा गाडीवर जात. वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं, घर एकहाती रेटलं. पत्र्याचं छप्पर गळायचं, पण पक्कं घर बांधायचं म्हटलं की माणूस घरी हवा, आणि माणूस तर रस्त्यावर. म्हणून दर वर्षी बांधकाम पुढे ढकललं जायचं.

अखेर भाऊंच्या निवृत्तीचा महिना उगवला. एकच फेरी उरली होती. गवंड्यानं सांगितलं, "सोमवारपर्यंत घर रिकामं करा. मंगळवारी पत्रे उतरवतो."

त्याच सुमारास लेकीनं सहज विचारलं, "बाबा, घरी बसून तुम्ही करणार काय?" भाऊ हसले खरे, पण त्यांचा चेहरा पडला. साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो, तेही त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या घरासाठी जन्मभर गाडी हाकली, त्या घरात आपण पाहुणेच, हे त्यांना आत कुठेतरी बोचत होतं. मला त्यांची फार कणव आली. आपली आता इथे गरज काय, हा प्रश्न माळ्यावर पडून मीही पुष्कळ दिवस चघळला होता.

"सामान मी लावतो," भाऊ म्हणाले. "यात मला कोणी शिकवायचं नाही."

सोमवारी त्यांनी मला खाली काढून झटकलं आणि अंगणात विटांवर फळ्या टाकून ट्रकच्या हौदाएवढा ओटा केला. मग सगळं घर त्यावर लादलं. बांधून झालेल्या घरात आधी कपाट आणि पलंग जाणार, म्हणजे ते बाहेरच्या बाजूला. स्वयंपाकाचं सामान सगळ्यात शेवटी लागणार, म्हणजे ते पार आत. रास अशी नेटकी झाली की गवंडीही थांबून बघत राहिला. भाऊंनी मला वर पसरलं, दोर आवळले. इतक्या वर्षांनी पुन्हा अंगाला ताण बसला आणि मला धन्य वाटलं.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." मग त्या थबकल्या. "अहो, शेगडी कुठंय?"

"आत आहे."

"आत कुठे?"

"पलंगाच्या मागे कपाट, कपाटाच्या मागे धान्याचे डबे, त्यांच्या मागे," भाऊंनी बिनचूक सांगितलं.

"आणि तुमचा उद्याच्या फेरीचा गणवेश?"

भाऊंनी राशीकडे पाहिलं. गणवेश शेगडीच्याही मागे होता. बांधकामाचे मधले चार-पाच महिने त्यांनी धरलेच नव्हते. ट्रकवरच्या मालाला वाटेत भूक लागत नाही ना!

लेक पोट धरधरून हसली. भाऊ मात्र पायरीवर जाऊन बसले. "घरातलं पहिलंच काम अंगावर घेतलं, आणि तेही असं," ते म्हणाले.

"त्यात काय एवढं? दोर सोडू, सामान काढू," वहिनी म्हणाल्या.

"नाही. गाडी पोहोचल्याशिवाय ताडपत्री सोडत नाहीत. आमच्यात तसं चालत नाही."

"बाबा, ही गाडी नाहीये," लेक म्हणाली. भाऊंची मान आणखीच खाली गेली.

वहिनी त्यांच्या शेजारी टेकल्या. हळूच म्हणाल्या, "पोहोचली हो गाडी. घरीच आली आहे. सोडा आता दोर."

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग उठले आणि एकेक गाठ सोडू लागले. मित्रांनो, माझ्या गाठी त्यांनी कितीदा तरी सोडल्या असतील, पण त्यांचे हात इतके हलके मला कधी लागले नव्हते.

रास पुन्हा रचली गेली. रोज काय लागतं ते वहिनी सांगत होत्या, आणि ते कुठे बसवायचं ते भाऊ ठरवत होते. माझा अर्धा भाग सामानावर राहिला आणि उरलेला बांबूंवर ताणून त्याखाली चूल-पाणी मांडलं. मंगळवारी पत्रे उतरले. घराला छप्पर नव्हतं तेव्हा या घराचं छप्पर मी होते, हे मी छाती फुगवून सांगते.

शेवटची फेरी करून भाऊ परतले, ते आधी माझ्याभोवती फिरले. एका कोपऱ्यात, ते गेल्यावर सुटलेला दोर वहिनींनी आपल्या पद्धतीनं, पिठाची पिशवी बांधावी तसा, बांधला होता. भाऊंनी तो ओढून पाहिला. गाठ त्यांची नव्हती, पण पक्की होती. त्यांनी ती तशीच राहू दिली.

"अगं, चहा मी टाकतो," त्यांनी हाक दिली. "पातेलं कुठे ठेवलंस?"

"मला काय विचारता?" राशीच्या पलीकडून वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच लावलंय की सगळं."

भाऊंनी न बघता हात घातला. पातेलं हातात आलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी जड, जुनी वस्तू पडून असेल. तिला ओलीच गुंडाळून ठेवू नका. उन्हात पसरा, झटका, उसवली असेल तिथे दोन टाके घाला. आणि जन्मभर राबून घरी आलेल्या माणसाला नुसतं खुर्चीत बसवू नका. त्याला काम सांगा, चुकलं तर त्याच्यासोबत पुन्हा करा. आम्हां जुन्यांना आराम थोडा कमी मिळाला तरी चालतो, नुसतं पडून राहणं मात्र सोसत नाही.